निळ्या भोकातल्या अक्षता

बायको गेल्यावर घरातली एकच वस्तू मी भांडून वाचवली, आणि ती म्हणजे राउटर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. लोक मंगळसूत्र जपतात, फोटो जपतात, कुणी चष्मा जपतं. मी भिंतीवरचा इंटरनेटचा डबा जपला. त्या डब्याच्या बगलेत तिच्या बोटाचं कुंकू होतं, गेल्या दसऱ्याला लावलेलं. तिच्या हाताची म्हणावी अशी तेवढी एकच खूण घरात उरली होती.

बाकी सगळं आम्ही साफ केलं होतं. बायको थंडी सरता सरता गेली. सकाळी चहा ठेवला, ओट्याला धरून खाली बसली, ती उठलीच नाही. मी अँब्युलन्सला फोन करतोय आणि इकडं चहा उतू जाऊन शेगडीवर जळतोय. पुढं ती शेगडी लेकीनं घासून घासून अशी चकचकीत केली की मला तिच्यावर चहा करायची लाज वाटायला लागली. साड्या फ्रँकफर्टच्या मराठी मंडळातल्या बायकांनी नेल्या. चपला पिशवीत भरून रस्त्यावरच्या जुन्या कपड्यांच्या दानाच्या डब्यात गेल्या. देव्हारा लेकीनं पुसला आणि कुंकवाचा करंडा आठवण म्हणून ती तिच्याकडे घेऊन गेली. मी कशालाच नको म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि त्या दिवसांत तोंड उघडलं की त्यातून काय बाहेर पडेल ह्याची मला खात्री नव्हती.

लेक कायझर्सलाउटर्नला असते, तिथल्या एका संशोधन संस्थेत. कसलं संशोधन ते मला ठाऊक नाही. विचारलं तर मराठीत सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला जर्मनमध्ये शिरते. इथंच जन्मली, इथंच वाढली. मराठी सगळं कळतं, बोलते निम्मं. मला आणि आईला दोघांनाही अरेतुरे करते. तिच्या आईला त्याचं वाईट वाटायचं. मला नाही. मी आठवी पास. वेल्डर म्हणून पुण्याकडच्या कारखान्यातून इथं र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात आलो, आणि जन्मभर पत्र्याला पत्रा चिकटवला. मला कुणी अहोजाहो केलं की माझ्याकडे काहीतरी काम असणार, असंच वाटतं.

तर राउटर. तो मीच लावला होता, आणि उलटा लावला होता. आमच्या घरात टेलिफोनचं सॉकेट कुणा शहाण्यानं पार छताजवळ बसवलंय. तिथून खाली येणारी वायर आखूड. डबा सरळ लावला तर वायर पोचेना. मग मी डब्याचं डोकं खाली केलं, भोकं वर केली. वायर पोचली, दिवे लागले, नेट आलं.

बायको म्हणाली, "अहो, त्याच्यावरची अक्षरं उलटी दिसतात."

"तुला वाचायची आहेत का?"

"मला नाही. पण आल्यागेल्याला काय वाटेल?"

"आल्यागेल्याला म्हणावं, शीर्षासन करतोय."

तो डबा आला तेव्हापासून तिचा जीव त्याच्यात होता. कारण त्यातून तिची धाकटी बहीण यायची. बहीण कराडला. रोज संध्याकाळी, आमच्याकडे चहाची वेळ आणि तिच्याकडे जेवणाची, दोघी व्हिडिओ कॉलवर बसायच्या. बसायच्या म्हणजे ही स्वयंपाक करायची, ती भाजी निवडायची, आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा. बोलायच्या काय तर काही नाही. "मिरच्या कशा दिल्या?" "तुझ्या मागं ते काय लटकतंय?" एकदा दोघींनी मिळून तासभर एकमेकींचं छत बघितलं, कारण दोघींचेही फोन पडले होते आणि दोघींनाही पत्ता नव्हता.

आता दसऱ्याचं सांगतो. आमच्या जुन्या कारखान्यात खंडेनवमीला मशीन पुसून, हार घालून, नारळ फोडून मगच चालू करायचे. मी इथं आलो त्या पहिल्या वर्षी सवयीनं वेल्डिंगच्या चिमट्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं. आमचा मास्टर आला, फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "वाढदिवस?"

मी जर्मनमध्ये हो म्हटलं, "या. मशीनचा."

तो गेनाऊ, म्हणजे बरोबर, म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या वर्षी मी फूल नेलं नाही. तेव्हा बायको म्हणाली, कारखान्यात नाही तर नाही, घरात करू. तेव्हापासून आमच्या घरात दरवर्षी चौरंगावर विळी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, माझा हातोडा आणि पकड. आपट्याची पानं इथं कुठं मिळणार? स्टेशनजवळच्या बागेत एक झाड आहे, त्याची पानं अगदी आपट्यासारखी मधून फाटलेली असतात आणि दसऱ्याच्या सुमाराला पिवळीजर्द होतात. ती गोळा करून आणायची आणि सोनं म्हणून वाटायची. खालच्या मजल्यावरची म्हातारी ते सोनं घेऊन दरवर्षी डांके म्हणायची आणि पुस्तकात ठेवायची.

राउटर आला तशी तिनं त्यालाही पूजेत घेतला. पण तो चौरंगावर आणायचा तर वायर काढावी लागणार. वायर काढली की नेट जाणार. आणि नेट गेलं तर—

"धाकटीला पूजा दिसणार कशी?" ती म्हणाली.

म्हणजे बहीण त्या डब्यातून पूजा बघणार आणि पूजा त्याच डब्याची. मी म्हटलं, हे म्हणजे नवरदेवाच्याच खांद्यावर बसून वरात बघण्यासारखं झालं. ती म्हणाली, तुम्ही गप्प बसा आणि स्टूल धरा. मग मी पॅसेजमध्ये स्टूल धरून उभा, ती स्टुलावर, फोन बुटांच्या कपाटावर टेकवलेला, त्यात बहीण. वरून हळद, वरून कुंकू, वरून अक्षता. डब्याची भोकं वर, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मी सांगितलं होतं, "आत जातील तांदूळ." ती म्हणाली, "जाऊ देत. पोटात गेलं तर बिघडलं कुठं?"

पहिल्या वर्षी तिनं डब्याच्या दर्शनी भागावर कुंकवानं छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. दार उघडलं की समोर तेच. शनिवारी लेक आली, बूट काढता काढता वर बघितलं आणि एक बूट हातात तसाच राहिला.

"आई! वास इस्ट दास? हे काय आहे?"

"पूजा केली. दसरा होता ना."

"आई, हे इथं नाही चालत! पोस्टवाला येतो, शेजारी येतात, पोलीस बोलावतील!"

"अगं, चार टिंबं दिलीत की मधे."

"टिंबं कोण बघतं!"

"येऊ देत पोलीस," बायको म्हणाली, "त्यांनाही लावते कुंकू."

लेकीनं स्टूल ओढलं आणि ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं. बायको दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी तिला डिंकाचे लाडू पाठवले. पण त्यानंतर समोर काही काढलं नाही. फक्त डब्याच्या बगलेत, भिंतीच्या बाजूला, अनामिकेनं कुंकवाचं एक बोट. दर दसऱ्याला त्याच जागेवर. आधीच्यावर नवं. मी म्हणायचो, "चोरून काय लावतेस, त्याला काय माहेरचं पातळ नेसवतेस का?" ती म्हणायची, "तुमच्या तोंडाला कुलूप लावायचं यंत्र निघालं की त्याला पहिलं लावीन."

ती गेल्यावर हे कुंकू एकट्या मला माहीत होतं. येताजाता मान वाकडी करून बघायचो. आहे. पुढं जायचो. ह्याच्यापलीकडे मी काही करत नव्हतो. फोटोपुढं बसून रडणं वगैरे मला जमत नाही, गुडघे दुखतात.

असं चाललं होतं, तर उन्हाळ्यात हाउसफेरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसचा, कागद जिन्यात लागला. सगळ्या घरांत ग्लासफासर येणार. काचेच्या तंतूची वायर. जुनी तांब्याची लाइन आता बंद. लेकीनं तिकडं बसल्या बसल्या नव्या कंपनीशी करार करून टाकला आणि मला फोनवर कळवलं, की माणूस येईल, दार उघड.

माणूस आला. तरुण होता, दारातच बुटांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मला आवडला. भिंतीला भोक पाडलं, बारीक वायर आत घेतली आणि पॅसेजमध्ये खाली, बुटांच्या कपाटाशेजारी, साबणाच्या वडीएवढा पांढरा मोडेम ठोकला. मग वर माझ्या डब्याकडे बघितलं.

"आल्झो, तर हा जुना आता काढला तरी चालेल."

"राहू दे."

"त्याचा उपयोग नाही. त्याची लाइन मेली."

"माझी बायको पण मेली," मी म्हटलं. "म्हणून लगेच फेकायचं का?"

पोराचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. तो हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत उभा राहिला. मग डब्याजवळ गेला, मान वाकडी करून भोकं बघितली, आणि बगलेतलं लाल बघितलं. म्हणाला, "ठेवायचा असेल तर ठेवा. खालचा मोडेम फक्त लाइन घरात आणतो. वायफाय द्यायला कुठलाही राउटर चालतो. कंपनीचा पार्सलनं येईल, पण तुम्हाला हाच हवा तर मोडेममधून वायर घ्या आणि ह्याच्या निळ्या भोकात घाला. आत्तापर्यंत करड्या भोकात होती ना? तिथं नाही, निळ्यात. आणि आतलं सेटिंग बदलायला लागेल."

निळं भोक. मी ते मनात घोकून ठेवलं. सेटिंग मला जमणार नव्हतं, आणि डब्याला हात लावायला मी धजत नव्हतो. हल्ली हात थरथरतात. जन्मभर ज्या हातांनी पत्र्याला सरळ शिवण मारली, ते हात आता चहाच्या कपाचा खुळखुळा करतात. कुंकू पुसलं गेलं असतं तर कुणाला शिव्या देणार?

शनिवारपर्यंत नेट नाही. दुसऱ्याच दिवशी मेहुणीचा साधा फोन आला.

"दाजी, मेलात की काय तिकडं?"

"अजून नाही. नेट मेलंय."

"कधी येणार?"

"पोरगी शनिवारी येऊन बसवणार."

"बरं. जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"ब्रेड."

"त्याला जेवलो म्हणत नाहीत," असं म्हणून तिनं फोन ठेवला. बहीण गेल्यावरही ती रोज त्याच वेळेला फोन करते. आमच्या दोघांत बोलायला काही नाही. ती माझ्या मागचा ओटा बघते, मी तिच्या मागचं कॅलेंडर बघतो, आणि मग ठेवतो. पण कॉल चुकला की मला दिवस संपल्यासारखं वाटत नाही.

शनिवारी लेक आली. नव्या कंपनीचं पार्सल फोडलं. आतून काळा, चपटा राउटर निघाला, चारी बाजूंनी मिशा वर. उताण्या झुरळासारखा.

"बाबा, बघ, हा फील बेसर आहे, खूप चांगला. फास्ट."

"मला कुठं जायचंय?"

"जुना मी जाताना वेर्टश्टॉफहोफला टाकते." म्हणजे भंगार जमा करायच्या जागी. तिनं पिशवी पण आणली होती. ह्या पिशव्यांचा मला आता रागच यायला लागलाय. लेक पिशवी घेऊन आली की घरातलं काहीतरी कमी होतं.

"तो टाकायचा नाही. तोच जोड."

"का?"

"माझा फोन त्याला ओळखतो."

"नव्याला पण तेच नाव देते, तोच पासवर्ड. फोनला कळणार पण नाही."

"मला कळेल ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, तो जुना आहे. स्लो आहे. हात लाव, किती तापतो."

"मी पण जुना आहे, स्लो आहे, आणि तापतो. मलाही घाल पिशवीत."

"असं नको बोलू!"

"मग पिशवी घडी करून ठेव."

खरं कारण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. फोन काढून कुंकवाचा फोटो घेतला असता. "बाबा, मी सेव्ह केलं, आता नाही जाणार कुठं," असं म्हणून तो मला पाठवला असता, आणि वस्तू पिशवीत गेली असती. ती वाईट नाही. तिचं दुःख आवरण्यातून बाहेर पडतं, माझं पसाऱ्यातून.

शेवटी तिनं मिशावालं झुरळ खोक्यात परत घातलं आणि लॅपटॉप उघडला. आपल्या फोनच्या नेटवर काहीबाही वाचलं. "गेनाऊ," म्हणाली, "होतं. मोडेममधून निळ्यात."

"मला माहिताय."

"तुला कसं माहीत?"

"मी पण संशोधन करतो."

आधी विजेचा प्लग काढ, मी म्हटलं, आणि तिनं काढला. मग स्टुलावर चढून डबा भिंतीवरून उतरवला. मी खालून बघत होतो. बगल भिंतीकडे होती ती आता तिच्या तळहाताकडे गेली. पण डबा नीट खाली आला, कपाटावर ठेवला गेला. तिनं मोडेममधून नवी वायर घेतली आणि निळ्या भोकात घातली.

जाईना.

तिनं वायर फिरवली, परत घातली. एरवी वायर टक् करून बसते तशी बसेना. अर्ध्यावर अडली. दुसरी वायर आणली, तीच गत. तिनं डबा जवळ घेतला, फुंकर मारली, परत दाबली. मग वायर खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सॉकेट गेला. काप्युट आहे. सॉरी."

तो आवाज मी ओळखला. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डॉक्टरीणबाईंनी हाच आवाज काढला होता. तेव्हा मी मान हलवली होती. ह्या खेपेला हलवली नाही.

"इकडं दे," म्हटलं.

दोन्ही हातांनी डबा घेतला. हात थरथरले, आणि डबा वाजला. खुळखुळ. मी थांबलो. मुद्दाम हलवला. परत खुळखुळ. भोकं खाली करून जरा जोरात आपटल्यासारखा केला, तर कपाटावर काहीतरी बारीक पडलं आणि टुण्णकन उडालं.

लेक मागं सरकली. "किडा?"

"किडा नाही." मी वाकून बघितलं. लालसर, एका टोकाला तुटका. "तांदूळ."

"तांदूळ? वारुम? तांदूळ कशाला?"

तिनं फोनची बॅटरी लावली आणि निळ्या भोकात डोकावली. मग जे काही तिच्या तोंडातून निघालं ते ना मराठी होतं ना जर्मन. करड्या भोकात इतकी वर्षं टेलिफोनची वायर होती, एका पिवळ्यात टीव्हीची, तेवढी दोन वाचलेली. बाकीची वर्षानुवर्षं तोंड वर करून, आ वासून बसलेली. निळं तर गच्च भरलं होतं. खालचे दाणे फिकट, वरचे लाल. दरवर्षीच्या दसऱ्याचा एकेक थर.

"बाबा," ती म्हणाली, "राउटरमध्ये भात आहे."

"भात नाही, अक्षता."

"आई!" ती छताकडे बघून ओरडली. "आई, राउटरमध्ये!"

आणि हसायला लागली. मला आधी राग आला, मग मीही लागलो. बुटांच्या कपाटाला धरून दोघं हसत होतो. आई गेल्यापासून पोरीचं हसणं मी ऐकलं नव्हतं. हसता हसता ती खाली बसली, डोळे पुसले, आणि मला वाटतं शेवटचं थोडं हसणं नव्हतं. मी तिकडं बघितलं नाही. बघून काय करणार होतो?

"हे काढायचं कशानं?" ती म्हणाली.

मी आत गेलो आणि ड्रॉवरमधून कानकोरणं आणलं. चांदीचं, बायकोचं, किल्ल्यांच्या जुडग्यात असायचं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"हे काय आहे?"

"कानातला मळ काढायचं."

"इगिट!"

"धुतलंय. तुझ्याही कानात घातलेलं आहे, लहानपणी. किती रडायचीस."

ती नाक मुरडत बसली आणि निळ्या भोकातून एकेक दाणा काढायला लागली. डावीकडे डबा छातीशी धरलेला, उजव्या हातात कानकोरणं, जीभ दातांत. हुबेहूब आईसारखी, पण हे मी तिला म्हटलं नाही, बिचकून थांबली असती. दाणे मी वाटीत घेत होतो. निळं रिकामं झालं तशी ती पिवळ्याकडे वळली.

"ती राहू दे," मी म्हटलं. "लागणार नाहीत ना?"

"नाही, पण बाबा, तांदूळ—"

"लागत नाहीत ना? मग राहू दे. त्यांचं काही अडलं नाही."

तिनं खांदे उडवले आणि निळ्यात परत एकदा बघायला डबा फिरवला. तेव्हा मला दिसलं. डाव्या हाताचा अंगठा बगलेत होता. घट्ट. बरोब्बर जागेवर.

"अंगठा काढ! गाढवे, अंगठा काढ!"

तिच्या हातातलं कानकोरणं पडलं. अंगठा निघाला. लाल होता. मत देऊन आल्यासारखा तो वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मी डबा ओढून घेतला. बगलेतलं कुंकू अर्धं गेलं होतं. गोल होतं ते, आता अमावास्येआधीच्या चंद्रासारखी कड राहिली होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "काय आहे हे?"

"तुझ्या आईनं लावलेलं. गेल्या दसऱ्याला."

तिनं अंगठ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"म्हणून तुला हाच पाहिजे होता?"

"मग काय वायफायसाठी?"

"सांगितलं का नाहीस?"

"तू फोटो काढला असतास."

"हो," म्हणाली. "काढला असता."

मी बेसिनकडे बघत होतो. आता ही जाईल, नळाखाली हात धरेल, साबण लावेल, चोळेल, संपलं. आवरणारी बाई आहे ती. उरलेली कड तरी माझ्याकडे आहे, असं मनाशी म्हणत मी डबा धरून उभा. ती उठली, पण बेसिनकडे गेली नाही. कपाटाशेजारी गुडघ्यावर बसली, आणि नव्या कंपनीच्या त्या पांढऱ्याफेक मोडेमवर, दर्शनी भागावर, दार उघडल्या उघडल्या समोर दिसेल असा, अंगठा टेकवला आणि दाबून धरला.

"अगं ए," मी म्हटलं, "ते कंपनीचं आहे! कंपनी सोडली की परत द्यावं लागतं!"

"द्यायचं तेव्हा देऊ." अंगठा अजून तिथंच. "येऊ देत त्यांना घ्यायला."

अंगठा उचलला. फिकट उमटला होता, पण उमटला होता.

मग तिनं निळ्या भोकात वायर घातली. टक्. प्लग लावला. लॅपटॉपवर खूप वेळ काही काही बदलत बसली, मधेच एकदा दातओठ खाऊन जर्मनमध्ये शिवी दिली, ती मी कारखान्यात ऐकली होती आणि घरात तिच्यासमोर कधी दिली नव्हती. कुठं शिकली कोण जाणे. शेवटी मोडेमचा दिवा हिरवा झाला, मग डब्याचे दिवे एकामागून एक लागले. माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. कराड.

मी तो साखरेच्या डब्याला टेकवला. मेहुणीचं अर्धं कपाळ आणि पूर्ण कॅलेंडर दिसलं.

"आलं का नेट?"

"आलं."

"पोरगी आलीये का? दाखवा. अगं, किती वाळलीस! आणि दाजी, तुमचे डोळे का असे? जेवलात का?"

"नाही अजून."

"काय करत होतात इतका वेळ?"

"तांदूळ निवडत होतो."

"मग लावा की कुकर," ती म्हणाली. लेक माझ्या मागं परत हसायला लागली, आणि मेहुणी तिकडून विचारत राहिली, काय झालं, मला सांगा की, काय झालं.

डबा भिंतीवर परत लावायचा होता. नवी वायर लांबलचक, खालून येणारी. लेक म्हणाली, "बाबा, आता सरळ लावता येईल. अक्षरं पण सरळ दिसतील." खरंच येत होता. मी स्टूल धरलं, तिनं डबा उचलला, आणि मी म्हटलं, उलटाच लाव. भोकं वर.

"का? परत काहीतरी पडेल आत."

"पडू दे. दसऱ्याला तू येशील तेव्हा करंडा आण. निळ्यात आता वायर आहे, तिथं काही जात नाही. बाकीची आहेत की उघडी."

तिनं डबा उलटा लावला. बगल ह्या वेळी भिंतीकडे केली नाही, इकडे केली, आमच्या बाजूला. वाटीतले दाणे मी देव्हाऱ्यात ठेवले आणि कुकर लावायला गेलो.